ड्रॉवरमधला जीपीएस आणि सात डबे: कामाच्या नोंदी

थोरल्या मामांच्या ड्रॉवरमधून निघालेला, हातात धरायचा जीपीएस. रंगीत पडदा, डोक्यावर अंगठ्याएवढा अँटेना, दोन एए सेल. मेमरी कार्डाला जागा नाही, आत इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही. "घेऊन जा. चालला तर तुझा, नाही चालला तरी तुझाच," मामा म्हणाले.

काम एवढंच ठरवलं: हा चालता करायचा, पायवाटांवर वापरायचा आणि फोन खिशातून न काढता याच्याच भरवशावर जिओकॅशिंगचे (कोणीतरी लपवलेला डबा इंटरनेटवर दिलेल्या अक्षांश-रेखांशांवरून शोधायचा खेळ) दहा डबे शोधायचे. असंच जुनं यंत्र कोणाकडे पडून असेल तर उपयोगी पडेल, म्हणून चुका न गाळता लिहितोय.

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

झाकण उघडलं तर जुने सेल आतच, आणि फुटलेले. दोन्ही स्प्रिंगांवर पांढरी-हिरवी पूड. पहिली चूक इथेच केली. एक स्प्रिंग पॉलिश पेपरने घासली. चकचकीत झाली, मी खूश. पण पुडीबरोबर वरचा निकेलचा मुलामाही गेला. (महिन्याभरात त्याच स्प्रिंगवर तांबूस ठिपके आले. आता दर पंधरा दिवसांनी पुसत बसतो.)

दुसऱ्या स्प्रिंगला थांबून विचार केला. अल्कलाइन सेलमधून गळतं ते अल्कली, म्हणजे त्याला आम्ल हवं. कापूसकाडी व्हिनेगरमध्ये बुडवून लावली, थोडं फसफसलं, पूड सुटली. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तासभर उघडं ठेवलं. ही स्प्रिंग आजही ठणठणीत आहे.

बाहेरचं रबर चिकट झालं होतं, तेही त्याच अल्कोहोलने उतरलं. झाकणाच्या रबरी कडेत वाळूचा एक कण आणि एक केस अडकलेला. तो तसाच राहिला असता तर पाणी आत जायला तेवढी वाट पुरली असती. साडेतीन तास गेले. खर्च नाही, सगळं घरात होतं.

१० नोव्हेंबर, रविवार

चालू झाला! पण उपग्रह सापडेनात. खिडकीच्या कठड्यावर ठेवून पन्नास मिनिटं वाट पाहिली. सिग्नलच्या पट्ट्या येतात, जातात. यंत्र मेलं असं गृहीत धरून मामांना फोनही करून झाला.

मेलं नव्हतं, उपाशी होतं. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या यंत्राकडे कोणता उपग्रह कुठे आहे याची यादीच नसते. ती उपग्रहांकडूनच येते आणि पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. २०,२०० किलोमीटरवरून येणारा तो क्षीण संदेश मध्ये तुटला की तो भाग पुन्हा फिरून येईपर्यंत थांबायचं. खिडकीतून आभाळाचा एक तुकडा दिसतो, तेवढ्यावर भागत नाही. मोकळ्या मैदानात दगडावर ठेवला आणि शिवला नाही. सतरा मिनिटांत ठिकाण लागलं. त्यानंतर रोज चालू करताना मिनिटभरही लागत नाही.

आणखी एक. मी तो फोनसारखा आडवा धरत होतो. डोक्यावर खुंटीसारखा अँटेना असेल तर यंत्र उभं धरायचं. अँटेना आत चपटा बसवलेला असेल तर आडवं. उभं धरताच दोन पट्ट्या वाढल्या.

तारीख मात्र २७ मार्च २००५ दाखवतोय. वार बरोबर, रविवार. सेटिंगमध्ये तारीख बदलायची सोयच नाही, ती उपग्रहांकडून येते. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक दहा बिटांचा असतो, म्हणजे ० ते १०२३. मग पुन्हा शून्य. ६ जानेवारी १९८० पासून मोजलं तर हा आकडा ऑगस्ट १९९९ मध्ये एकदा आणि ६ एप्रिल २०१९ च्या रात्री दुसऱ्यांदा शून्यावर आला. जुन्या सॉफ्टवेअरला दुसरी फेरी कळलेली नाही, म्हणून ते १०२४ आठवडे मागे आहे. ठिकाण अचूक, वेळ अचूक, तारीख चुकीची. याने काही बिघडत नाही असं वहीत लिहून ठेवलं. (८ डिसेंबरची नोंद बघा.)

१४ नोव्हेंबर, गुरुवार

केबलचा दिवस. मिनी यूएसबीच्या तीन केबली निघाल्या. दोन फक्त चार्जिंगच्या, आत डेटाच्या तारा नाहीत. त्या ओळखण्यातच संध्याकाळ गेली. तिसरीने जोडलं तरी कॉम्प्युटरला यंत्र दिसेना, कारण या वयाची यंत्रं पेनड्राइव्हसारखी उघडत नाहीत, ड्रायव्हर लागतो. शेवटी जीपीएसबेबल नावाच्या फुकट प्रोग्रॅमने जीपीएक्स फाइलमधले (ठिकाणांच्या नोंदींची फाइल) डब्यांचे बिंदू आत गेले. मग उत्साहात चारशे डबे भरले आणि यादी इतकी लांबली की हवा तो सापडेना. आता एका फेरीला पंधरा-वीसच भरतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

पहिला शोध, पहिला फज्जा. यातून सगळ्यात जास्त शिकलो, म्हणून सविस्तर.

डब्याचा अक्षांश कागदावरून हाताने भरला. मिनिटांचा भाग होता १४.३५०. यंत्र अंश-मिनिट-सेकंद मागत होतं, मी १४ मिनिटं ३५.० सेकंद भरले. अंक तेच, टिंब तेवढं सरकलं. बाण एका बाभळीच्या जाळीकडे घेऊन गेला. दीड तास काटे काढले, डबा नाही.

घरी येऊन गणित मांडलं. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं वापरतात. ०.३५० मिनिट म्हणजे २१ सेकंद, ३५ नव्हे. चौदा सेकंदांचा फरक, अक्षांशाचा एक सेकंद साधारण ३१ मीटर, म्हणजे मी ४३० मीटर लांब उभा होतो. गंमत अशी की दशांश ६०० च्या वर असते तर यंत्राने साठच्या वरचे सेकंद घेतलेच नसते आणि मी तिथल्या तिथे सावध झालो असतो. माझ्या नशिबी नेमके ३५०.

दुपारी फॉर्मॅट बदलून पुन्हा गेलो. आता बाण ओढ्याच्या पात्रात. नकाशावर जिथे रस्त्यांचा चौक, तिथे उभं राहून पाहिलं तर यंत्राचा आकडा दीडशे मीटर बाजूला. डेटम! म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कोणत्या मापाला धरून मोजायचे ते. मामांनी कधीतरी एखाद्या जुन्या कागदी नकाशाशी जुळावं म्हणून वेगळा डेटम लावलेला. जीपीएसचा नेहमीचा डब्ल्यूजीएस ८४ केला, चौक चौकात आला. तोवर अंधार पडला.

दुसऱ्याचं यंत्र हातात आलं की आधी या दोन गोष्टी बघा: ठिकाणाचा फॉर्मॅट आणि डेटम. मी त्या शेवटी बघितल्या. अख्खा दिवस गेला.

२४ नोव्हेंबर, रविवार

सापडला. पहिला.

लेक बरोबर होती. डबा 'मायक्रो', म्हणजे अगदी छोट्या आकाराचा, अवघडपणा पाचात दोन. जागा एका साकवाजवळ. तीस मीटरपर्यंत बाण सरळ नेत होता, नंतर त्याला घेरी आली. थांबलो की गरगर, दोन पावलं टाकली की भलतीकडे. यंत्र बिघडलं म्हणून सेल काढून घातले, बंद-चालू केलं. बिघाड काही नव्हता. होकायंत्र नसलेल्या यंत्राला दिशा कळते ती चालण्यावरून: आधी इथे होता, आता तिथे आहे, म्हणजे तिकडे चाललाय. उभ्या माणसाची दिशा त्याला ठाऊकच नसते. बाण बघायचा तर झपझप पंधरा-वीस पावलं सरळ चालायचं.

म्हणून मी युक्ती काढली. डब्यापासून तीस मीटरवर मागे जायचं, बाणाच्या रेषेत सरळ चालत यायचं, रेष कुठून गेली ते लक्षात ठेवायचं. मग दुसऱ्या बाजूने तसंच, तिसऱ्या बाजूने तसंच. तिन्ही रेषा साकवाच्या डाव्या टोकाशी एकमेकींना छेदत होत्या. तिथे दगडांचा ढीग. आम्ही दगड उचलायला लागलो. चाळीस मिनिटं. एक आजोबा जाता जाता थांबले, "काय हरवलं का?" मी "किल्ली" म्हणालो आणि तेही शोधायला लागले. अशा खेळाबाहेरच्या माणसाला या खेळात 'मगल' म्हणतात, आणि त्याच्यासमोर डबा काढायचा नसतो. नसलेली किल्ली दहा मिनिटं शोधून आजोबा गेले. फार शरम वाटली.

मग लेकीने सूचनेचा कागद काढला. सूचना तेरा अक्षरं सरकवून लिहिलेली असते: इंग्रजी मुळाक्षरांचा पहिला अर्धा भाग वर, दुसरा खाली लिहायचा आणि वरच्याच्या जागी खालचं, खालच्याच्या जागी वरचं घ्यायचं. तिने मातीत काडीने दोन ओळी काढून सोडवलं. एकच शब्द निघाला: मॅग्नेटिक.

"बाबा, दगडाला लोहचुंबक चिकटतं का?"

साकवाच्या लोखंडी कठड्याच्या खालच्या पट्टीला आतून हात फिरवला. फिल्मच्या रोलची काळी डबी, राखाडी झाकण, बुडाला चुंबक. आत गुंडाळलेली कागदाची पट्टी आणि ओलसर वास. पेन न्यायला विसरलो होतो. लेकीच्या कंपासपेटीतल्या पेन्सिलीने तारीख लिहिली.

पडद्यावर तेव्हा अचूकता ६ मीटर दिसत होती. तेवढ्या वर्तुळात चाळीस मिनिटं गेली. २ मे २००० च्या आधी अमेरिकन सरकार नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम गोंधळ मिसळायचं, तेव्हा चूक शंभर मीटरपर्यंत जायची. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ आमच्यापेक्षा पावणेतीनशे पट. तो गोंधळ बंद झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर यांनी ओरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. खेळ तिथून सुरू झाला. आणि ती बादली होती, फिल्मची डबी नव्हती!

१ डिसेंबर, रविवार

दोन डबे, दोन्ही मोठे, दोन्ही दहा मिनिटांत. लिहिण्यासारखं काही नाही.

८ डिसेंबर, रविवार

तारखेने काही बिघडत नाही, असं लिहिलं होतं ना? बिघडलं.

चौदा किलोमीटरची डोंगरवाट, वाटेत एक डबा. डबा सापडला. परतीला निघण्याआधी यंत्रातलं सूर्य-चंद्राचं पान उघडलं, सूर्यास्ताची वेळ बघितली आणि हिशोब केला की उजेडात पायथा गाठतो. यंत्राच्या लेखी तो दिवस २४ एप्रिल २००५ होता. त्याने सूर्यास्त सांगितला तो एप्रिलचा. डिसेंबरातला सूर्य त्याच्या पाऊण तास आधी गेला आणि मी अजून उताराच्या मध्यावर.

विजेरी होती, पण पाठपिशवीच्या तळाशी. तिच्या उजेडात, ट्रॅकबॅक (चाललेल्या वाटेच्या नोंदीवरून, म्हणजे ट्रॅकवरून, परत नेणारी सोय) लावून, सकाळी आलो त्याच रेषेवर पाय टाकत उतरलो. इथे या यंत्राचं खरं कौतुक. पडद्याचा दिवा अगदी मंद ठेवता येतो, बटणं अंधारात चाचपून दाबता येतात आणि सकाळची प्रत्येक वळणं रेषेत होती. एका ठिकाणी ढोरवाट सरळ जात होती आणि रेष डावीकडे वळत होती. मी सरळ दहा पावलं गेलो, रेष सुटली, परत फिरलो. उजेडात कळलं असतं की पुढे घसारा आहे.

आता सूर्यास्त घरून कागदावर लिहून नेतो.

९ डिसेंबर, सोमवार

कालचा ट्रॅक कॉम्प्युटरवर घेताना नवीन दुखणं. मी तो यंत्रातच 'सेव्ह' केला होता. या जातीची जुनी यंत्रं सेव्ह करताना ट्रॅकचे बिंदू पाचशेवर आणतात आणि प्रत्येक बिंदूची वेळ पुसून टाकतात. रेष राहिली, तीही कोपरे छाटलेली. कुठे किती वेळ लागला ते गेलं. सुदैवाने चालू ट्रॅक मी पुसला नव्हता, त्यात सगळं होतं. तोच घेतला आणि जीपीएसबेबलने सगळ्या वेळा ७१६८ दिवस पुढे सरकवल्या (१०२४ आठवडे गुणिले सात). तारखा जागेवर आल्या. सेव्हचं बटण आता दाबत नाही. घरी येऊन आधी चालू ट्रॅक उतरवतो, मगच पुसतो.

१५ डिसेंबर, रविवार

पहिला खर्च: चार रिचार्जेबल सेल आणि चार्जर. नव्या यंत्राच्या किमतीच्या मानाने किरकोळ. पण पहिल्याच फेरीला चार तासांत 'बॅटरी संपली'. सेल बदलले, तेही संपल्याचं तासाभरात दाखवायला लागला. सेटिंगमध्ये सेलचा प्रकार अल्कलाइन राहिला होता. अल्कलाइन नवा असताना दीड व्होल्ट देतो, निकेल-मेटल हायड्राइड सव्वाच्या आसपास. यंत्र बिचारं भरलेल्या सेलला अर्धमेला समजत होतं. प्रकार बदलला, तेच सेल संध्याकाळपर्यंत गेले.

उड्या मारत उतरताना यंत्र दोनदा आपोआप बंदही पडलं. घासलेल्या स्प्रिंगचा दाब कमी झाला होता. पुठ्ठ्याची चौकोनी घडी सेल आणि झाकणाच्या मध्ये. अजून टिकून आहे.

जेवायला पाऊण तास बसलो तेव्हा यंत्र दगडावर चालूच होतं. ओडोमीटर तीनशे मीटर पुढे गेला आणि ट्रॅकवर कोळ्याच्या जाळ्यासारखा गुंता. यंत्र जागच्या जागी थोडं थोडं सरकतंय असं त्याला वाटतं आणि ते सगळं बेरजेत जातं. बसताना ट्रॅक थांबवायचा.

२८ डिसेंबर, शनिवार

एक सापडला, एक नाही. न सापडलेला अरुंद घळीत होता. दोन्ही बाजूंना कातळ, वर आभाळाची पट्टी. उपग्रहाचा संदेश सरळ न येता कातळावर आपटून येतो, वाट लांबते आणि यंत्र स्वतःला भलतीकडे समजतं. उभ्या जागी अंतर ४, ३१, १२, ४० मीटर. अचूकता मात्र ९ मीटर दाखवत होता, कारण तो आकडा त्याचा स्वतःबद्दलचा अंदाज असतो. दोन तासांनी 'सापडला नाही' अशी नोंद करून निघालो. ती नोंद करायची लाज वाटू देऊ नये. लागोपाठ तीन आल्या की डबा ठेवणारा जाऊन बघतो.

सापडलेल्याचीही एक गंमत. यंत्र म्हणालं ६०० मीटर. मध्ये नदी. ते कावळ्याच्या सरळ उड्डाणाचं अंतर सांगतं. माझ्या पायांना पुलावरून तीन किलोमीटर पडलं.

११ जानेवारी २०२५, शनिवार

पाच शोधले, आता एक ठेवूनही बघावा. जागामालकाची परवानगी घेतली. डबा पुरायचा नाही, हा खेळाचा नियम. झाडाच्या ढोलीत बसवला. डबा निवडताना दोन डब्यांत कोरडा टिश्यू घालून, वर दगड ठेवून रात्रभर बादलीत बुडवले. आइसक्रीमच्या डब्यातला टिश्यू लगदा झाला, चारी बाजूंनी खटके असलेल्यातला कोरडा.

ठिकाण नोंदवताना एकदा बटण दाबून भागत नाही, कारण माझी चूक आणि शोधणाऱ्याच्या यंत्राची चूक एकमेकींत मिसळतात. यंत्रातल्या सरासरीच्या सोयीने तीन वेगळ्या दिवशी दहा-दहा मिनिटं मोजलं. अक्षांशाचे शेवटचे तीन अंक आले ४१२, ४१५, ४११. एक हजारांश मिनिट म्हणजे १.८५ मीटर, तेव्हा पहिल्या दोन दिवसांतच साडेपाच मीटरचा फरक. सरासरी ४१३ धरली.

१९ जानेवारी, रविवार

डबा नामंजूर. दोन डब्यांत किमान १६१ मीटर हवेत आणि माझा १४० वर होता. कशापासून? एका कोड्याच्या डब्यापासून. कोडं सुटल्याशिवाय त्याची खरी जागा कोणालाच दिसत नाही, मला कुठून दिसणार! तपासणाऱ्या स्वयंसेवकाने नीट समजावून सांगितलं. तीन दिवसांचं मोजमाप पाण्यात. साठ मीटर पुढे दुसरी ढोली, पुन्हा परवानगी, पुन्हा तीन दिवस. कोडं सोडवलं असतं तर वाचलो असतो, म्हणून लेकीने ते त्याच संध्याकाळी सोडवलं. दुसऱ्या दिवशी जाऊन डबा काढला. सहावा.

२ फेब्रुवारी, रविवार

आज सातवा सापडला, पायऱ्यांच्या फटीत, दोन मिनिटांत. बाण बघितलाच नाही. फटीतल्या इतर दगडांवर शेवाळ होतं, एकावर नव्हतं.

आपल्या डब्यावर पहिली नोंद आली: "सापडला. माझ्या यंत्रात ४ मीटर ईशान्येला दाखवत होता. झाकण घट्ट आहे, आतला कागद कोरडा." लेकीने ती मामांना फोनवर दोनदा वाचून दाखवली. मामांनी विचारलं, तारीख अजून २००५ चीच दाखवतो का.

झूमच्या बटणाचं रबर कडेने फाटायला लागलंय. आतून चिकटपट्टी लावून बघतो, नाहीतर त्याच जातीचं बंद पडलेलं यंत्र सुट्या भागांसाठी शोधावं लागेल. तीन डबे बाकी आहेत, त्यातला एक घळीतला.